साच्यातल्या ‘जर’ची जागा

शासकीय अर्जांवर ‘लागू नसेल ते खोडावे’ अशी एक सूचना बहुधा असते. अर्ज एकदाच छापलेला असतो, पण तो विवाहितांनीही भरायचा असतो आणि अविवाहितांनीही, घरमालकानेही भरायचा असतो आणि भाडेकरूनेही. त्यामुळे सर्वांचा मजकूर एकाच कागदावर घेऊन त्यातला आपल्यापुरता कोणता हे ठरवण्याचे काम छापणाऱ्याने भरणाऱ्याच्या गळ्यात घातलेले असते. संकेतस्थळाच्या पानालाही हीच अडचण येते, मात्र तेथे खोडाखोड वाचकावर सोडता येत नाही. ती पान वाचकाच्या पडद्यावर पोहोचण्याआधीच उरकावी लागते, आणि काय ठेवायचे व काय वगळायचे याचा नियम कोणीतरी आधी लिहून ठेवावा लागतो. संकेतस्थळे बांधणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात याला ‘कंडिशन लावणे’ म्हणतात.

ही अट कोठे लागते हे समजण्यासाठी आधी आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली ‘सीएमएस’, काय करते ते पाहावे लागेल. या प्रणालीत मजकूर आणि त्याचे रूप ही दोन वेगळी खाती असतात. लेखाचे शीर्षक, मुख्य मजकूर, लेखकाचे नाव, तारीख आणि विषय हे सारे डेटाबेसमध्ये साठवलेले असते. शीर्षक किती मोठे दिसावे, लेखकाचे नाव वर यावे की खाली, शेजारी वर्गणीची चौकट असावी की नसावी, हे ‘टेम्प्लेट’ नावाच्या साच्यात लिहिलेले असते. वाचकाने दुवा दाबला की प्रणाली डेटाबेसमधून मजकूर काढते, साच्यात ओतते आणि तयार झालेले पान पाठवून देते. एखाद्या मासिकाच्या संकेतस्थळावर पाच हजार लेख असले तरी त्यांचा साचा एकच असू शकतो, आणि या व्यवस्थेची सारी किफायत त्यातच आहे. अडचण सुरू होते ती संपादक म्हणतो तेव्हा, की कवितेच्या पानावर ओळी मध्यभागी हव्यात, दिवाळी अंकाच्या पानांवर जाहिरात नको आणि वर्गणीच्या पानावर ‘वर्गणीदार व्हा’ ही चौकट पुन्हा दिसू नये.

वर्डप्रेस ही या कुळातील सर्वांत अधिक वापरली जाणारी प्रणाली असल्याने तिचेच उदाहरण घेणे सोयीचे आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बी-टू’ या जुन्या प्रणालीच्या पायावर ती उभी केली आणि तिची पहिली आवृत्ती मे २००३मध्ये प्रसिद्ध झाली. आज जिला ‘थीम’ म्हणतात ती, म्हणजे साच्यांची संपूर्ण पेटी, त्या आवृत्तीत नव्हती. ती फेब्रुवारी २००५च्या १.५ या आवृत्तीत आली. तोवर मुख्य पान काय किंवा एकटा लेख काय, जवळजवळ सर्व काही एकाच ‘इंडेक्स’ फायलीतून दाखवले जाई, आणि वेगळेपणा हवा असेल तर त्या एका फायलीतच ‘जर’च्या माळा ओवाव्या लागत. थीम आली आणि तिच्याबरोबर साच्यांची उतरंडही आली. अटींच्या संदर्भात हा बदल सर्वांत मोठा होता, कारण त्याने अट संगणकीय भाषेतून काढून चक्क फायलीच्या नावात नेऊन ठेवली.

या उतरंडीचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. वाचकाने ‘वर्गणी’ हे पान मागितले असे समजू. वर्डप्रेस प्रथम पाहते की संपादकाने या पानाला स्वतः निवडून एखादा खास साचा दिला आहे काय. दिला नसेल तर पानाच्या पत्त्यातील नावाची, ज्याला ‘स्लग’ म्हणतात त्याची, जोड असलेली ‘पेज-वर्गणी’ अशी फाइल ती थीममध्ये शोधते. तीही नसेल तर पानाचा डेटाबेसमधील क्रमांक घेऊन ‘पेज-४२’सारखी फाइल शोधली जाते, मग सर्व पानांसाठीची ‘पेज’, मग पान आणि लेख दोहोंना चालणारी ‘सिंग्युलर’, आणि यांपैकी काहीच हाती लागले नाही तर शेवटी ‘इंडेक्स’. शोध विशेषाकडून सामान्याकडे उतरत जातो आणि जी फाइल आधी सापडेल तिच्यावर थांबतो. विषयवार यादीचेही तसेच: ‘कविता’ या वर्गासाठी ‘कॅटेगरी-कविता’ अशी फाइल ठेवली की तेवढ्याच यादीचे रूप बदलते, आणि ती काढून टाकली की यादी निमूटपणे ‘कॅटेगरी’, ‘अर्काइव्ह’ अशा पायऱ्या उतरत सर्वसाधारण रूपात परतते. या साऱ्यात साचा लिहिणाऱ्याने ‘जर’ हा शब्द एकदाही लिहिलेला नसतो.

मात्र फायली वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे. दोन साच्यांत फरक एका ओळीचाच असेल तर तेवढ्यासाठी दुसरी फाइल करणे म्हणजे उरलेल्या दीडशे ओळी दोन ठिकाणी सांभाळणे, आणि पुढे एकीत दुरुस्ती झाली की दुसरीत हमखास राहून जाते. अशा वेळी ‘कंडिशनल टॅग’ कामी येतात. हे तयार प्रश्न आहेत आणि त्यांचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच मिळते: ‘इज-पेज’ विचारतो की समोर आहे ते स्थिर पान आहे काय, ‘इज-सिंगल’ विचारतो की तो एकटा लेख आहे काय, ‘इज-कॅटेगरी’ विचारतो की ती विषयवार यादी आहे काय. ‘जर हे वर्गणीचे पान नसेल तर चौकट दाखव’ असे साच्यात पीएचपी या भाषेत लिहिले की काम झाले. वर सांगितलेली उतरंडही आतून याच प्रश्नांवर चालते. साचा निवडणारी वर्डप्रेसची फाइल उघडून पाहिली तर पान सापडलेच नाही काय, हा शोधाचा निकाल आहे काय, हे मुखपृष्ठ आहे काय, असे प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारलेले दिसतात. उतरंड आणि टॅग यांत फरक आहे तो एवढाच, की उतरंडीत हा क्रम प्रणालीने ठरवलेला असतो आणि टॅग वापरताना तो साचा लिहिणाऱ्याला स्वतः सांभाळावा लागतो. ‘जर हे पान असेल’ ही अट वर आणि ‘नाहीतर, जर हे वर्गणीचे पान असेल’ ही अट खाली लिहिली, तर खालच्या अटीची पाळी कधी येतच नाही.

या टॅगची नावे सोपी आहेत आणि घोटाळा त्या सोपेपणातूनच होतो. ‘इज-होम’ हा प्रश्न मुखपृष्ठाविषयी असावा असे कोणालाही वाटेल, पण तो विचारतो की ही लेखांची ताजी यादी आहे काय. मुखपृष्ठ म्हणून संपादकाने एखादे स्थिर पान नेमलेले असेल तर त्याच्यासाठी ‘इज-फ्रंट-पेज’ हा वेगळा प्रश्न आहे. हे नामकरण सपशेल फसलेले आहे आणि ते बदलले तर लाखो थीम मोडतील, म्हणून ते तसेच चालू राहिले आहे. त्याहून धोक्याचा आहे ‘इज-अ‍ॅडमिन’. समोरची व्यक्ती प्रशासक आहे काय, असा त्याचा अर्थ लावून नवशिके त्याच्या आड गोपनीय मजकूर ठेवतात, वास्तविक तो एवढेच सांगतो की सध्या प्रशासनाच्या बाजूचा पडदा मागितला गेला आहे काय. त्या बाजूला साधा वर्गणीदारही आपले नाव-पत्ता बदलायला जाऊ शकतो. व्यक्तीचा अधिकार तपासायचा तर ‘करंट-युजर-कॅन’ हा प्रश्न विचारला पाहिजे. दार कोणते आहे हे पाहून आत कोण आले ते कळत नाही.

प्रश्न केव्हा विचारला यालाही महत्त्व आहे. वर्डप्रेस पान घडवताना आधी थीममधील ‘फंक्शन्स’ ही फाइल वाचते, आणि वाचकाने नेमके काय मागितले आहे याचा छडा त्यानंतर लावते. म्हणून त्या फायलीत सर्वांत वर, मोकळ्यावर, ‘इज-पेज’ लिहिले तर उत्तर नेहमी ‘नाही’ येते, कारण ज्याविषयी विचारले ते अजून ठरलेलेच नसते. अट अक्षरशः बरोबर असते आणि तरीही लागू होत नाही. उपाय असा की ती अट ‘हुक’ नावाच्या आकड्याला अडकवायची, म्हणजे पानाचा निर्णय झाल्यानंतरच्या टप्प्यावर ती आपोआप तपासली जाते. साचा निवडून झाल्यावर, पण तो वापरण्याच्या आधी, ‘टेम्प्लेट-इन्क्लूड’ नावाचा असाच एक टप्पा येतो आणि तेथे निवडलेला साचा बाजूला सारून दुसराच पुढे करता येतो. ही सोय ताकदीची आहे, पण थीमच्या फायली चाळणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून तिचा वापर बेताने केलेला बरा.

आता अट कशावर बांधायची हा प्रश्न येतो, आणि मराठी संकेतस्थळांना तो इतरांहून अधिक छळतो. एखादे विशिष्ट पान ‘इज-पेज’ला तीन प्रकारे सांगता येते: क्रमांकाने, शीर्षकाने किंवा स्लगने. क्रमांक बदलत नाही, परंतु चाचणीसाठी उभारलेल्या प्रतीत वर्गणीच्या पानाचा क्रमांक ४२ आणि प्रत्यक्ष संकेतस्थळावर ५७ असू शकतो, आणि मग चाचणीत चाललेली अट खऱ्या ठिकाणी भलत्याच पानाला लागते. शीर्षक वाचायला सोपे असते, पण संपादकाने ‘वर्गणी’चे ‘वर्गणीचे दर’ केले की अट गळून पडते, आणि शीर्षकातील एका शब्दावर कोणाची तरी अट टांगलेली आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. उरतो स्लग. तो इंग्रजी अक्षरांत असेल तर प्रश्न नाही. देवनागरीत असेल तर वर्डप्रेस तो जसाच्या तसा साठवत नाही. प्रत्येक देवनागरी चिन्ह, त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे म्हणून धरली जातात, संगणकाच्या यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेते, आणि पत्त्यात लिहिताना त्या प्रत्येक बाइटचे टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत रूपांतर होते. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरे. ‘महाराष्ट्रातील’ या एका शब्दात अशी १४ चिन्हे आहेत, तेव्हा तो एकटाच १२६ अक्षरे व्यापतो, आणि डेटाबेसमध्ये स्लगसाठी राखलेली जागा आहे २०० अक्षरांची. लांब मराठी शीर्षकांचे पत्ते मध्येच तुटलेले दिसतात ते यामुळे, कारण साधारण बावीस चिन्हांनंतर जागाच संपते.

याचा अटींशी संबंध असा, की साच्यात ‘दिवाळी-अंक’ असा स्वच्छ देवनागरी स्लग लिहून विचारलेला प्रश्न डेटाबेसमधील टक्क्याच्या खुणांसह साठवलेल्या ८२ अक्षरांशी जुळत नाही आणि उत्तर ‘नाही’ येते. पानाचे शीर्षकही योगायोगाने तेच असेल तर मात्र ‘होय’ येते, आणि मग कधी चालते व कधी चालत नाही असे भूत मागे लागते. फायलींच्या नावांबाबत ही अडचण दूर झाली आहे; डिसेंबर २०१६च्या ४.७ या आवृत्तीपासून उतरंड टक्क्याच्या खुणांच्या रूपाबरोबरच उकललेल्या रूपातील फाइलही शोधते, त्यामुळे ‘पेज-दिवाळी-अंक’ हे नाव देवनागरीत ठेवले तरी सापडते. तरीही मराठी संकेतस्थळाने पत्त्यांची नावे सुरुवातीलाच आखूड आणि इंग्रजी अक्षरांत ठरवून घेतली तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. स्वभाषेचा अभिमान शीर्षकात आणि मजकुरात दाखवायला जागा भरपूर आहे.

आणखी एक खाच सांगण्यासारखी आहे. ‘इज-पेज’ला कंसात काहीच दिले नाही तर तो ‘कोणतेही पान’ असा अर्थ घेतो. आता पानाचा क्रमांक एखाद्या सेटिंगमधून वाचून कंसात देण्याची व्यवस्था केली आणि ती सेटिंग कोणी रिकामी ठेवली, तर एका पानासाठी लिहिलेली अट सर्वच पानांना लागू होते आणि दिवाळी अंकाची सजावट थेट ‘संपर्क’ पानावर जाऊन बसते. पीएचपीमध्ये बरोबरीची तुलना करताना एकच ‘बरोबर’ चिन्ह पडले तर तुलना न होता किंमत बहाल होते आणि अट बहुतेक वेळा ‘होय’ ठरते, ही जुनी चूकही याच जातीची. वर्डप्रेसच्या लेखनसंकेतांत यावर तोडगा म्हणून स्थिर किंमत डावीकडे आणि चल उजवीकडे लिहायला सांगितले जाते. चित्रपटातील, उलट्या क्रमाने बोलणाऱ्या एका पात्रावरून त्याला ‘योडा’ पद्धत म्हणतात. ती वाचायला चमत्कारिक वाटते, पण चिन्ह पडले तर चूक लगेच उघडी पडते.

अट पानावर अवलंबून असते तोवर हा सारा व्यवहार आटोक्यात राहतो. ती वाचकावर अवलंबून झाली की गोष्ट बदलते. ‘वाचक लॉग-इन असेल तर संपूर्ण लेख, नसेल तर पहिले दोन परिच्छेद’ ही अट लिहायला एक ओळ पुरते. परंतु मोठ्या संकेतस्थळांवर प्रत्येक वेळी पान नव्याने घडवले जात नाही. एकदा घडलेले पान ‘कॅश’मध्ये साठवून पुढच्या मागणीला तेच दिले जाते, आणि साठवलेले पान देताना साच्यातील एकही अट तपासली जात नाही. लॉग-इन केलेल्यांना वगळण्याची काळजी कॅश सांभाळणारे प्लगइन, म्हणजे प्रणालीला वरून जोडलेले पूरक भाग, सहसा घेतात, पण मोबाइल आहे की संगणक, वाचक कोणत्या शहरातून आला, अशा अटींबाबत ती गृहीत धरता येत नाही. ‘डब्ल्यूपी-इज-मोबाइल’ हा टॅग ब्राउझर स्वतःविषयी जे सांगतो त्यावरून अंदाज बांधतो. सकाळी पहिला वाचक मोबाइलवरून आला तर त्याच्यासाठी घडलेले अरुंद पान कॅशमधून दिवसभर संगणकावरच्या वाचकांनाही मिळू शकते. पडद्याच्या रुंदीचा प्रश्न सीएसएस या सजावटीच्या भाषेत सोडवावा, कारण तेथे निर्णय प्रत्यक्ष त्या पडद्यावर होतो. मराठी आणि इंग्रजी असा द्विभाषिक मजकूर असेल तर देवनागरीच्या मात्रा-वेलांट्यांना लागणारे ओळींमधील जादा अंतरही तेथेच, पानाच्या भाषेच्या खुणेवरून देता येते. त्यासाठी साच्यात अट घालण्याचे कारण नाही.

पण सीएसएसने लपवलेला मजकूर हा अर्जावर खोडलेल्या ओळीसारखा असतो: रेघेखालून तो वाचता येतो. वर्गणीदारांसाठीचा परिच्छेद पानात पाठवून फक्त दिसेनासा केला, तर ब्राउझरमधून पानाचा मूळ मजकूर उघडणाऱ्या कोणालाही तो मिळतो. सजावटीचा फरक सीएसएसमध्ये आणि अधिकाराचा फरक साच्यात किंवा त्याच्याही अलीकडे, एवढा विवेक पाळला तर निम्मे घोळ होतच नाहीत.

इतर प्रणालींनी याच प्रश्नाची उत्तरे वेगळी काढली आहेत. जूमलामध्ये पानावरचा एखादा चौकटवजा भाग कोणत्या मेनूच्या पानांवर दिसावा हे संपादकाला खुणा करून ठरवता येते. ड्रुपलमध्येही अशा चौकटींना पत्ता, मजकुराचा प्रकार किंवा वापरकर्त्याची भूमिका यांच्या अटी प्रशासनाच्या पडद्यावरून लावता येतात. शिवाय नोव्हेंबर २०१५च्या आठव्या आवृत्तीपासून ट्विग ही साच्यांची भाषा ड्रुपलने स्वीकारली असून तपासणीची सोय चालू केली की कोणकोणत्या नावांच्या फायली शोधल्या गेल्या आणि त्यांतली कोणती वापरली, हे पानाच्या मूळ मजकुरात टिपणासारखे लिहून येते. वर्डप्रेसमध्ये जानेवारी २०२२च्या ५.९ या आवृत्तीपासून ‘ब्लॉक थीम’ आल्या. त्यांत साचे पानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएल या भाषेत असतात, त्यात पीएचपीची अट लिहिता येत नाही, आणि संपादक ते पडद्यावरच बदलू शकतो. उतरंड आणि तिची नावे जुनीच राहिली. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते: संपादकाने बदललेला साचा डेटाबेसमध्ये साठवला जातो आणि फायलीपेक्षा त्याला अग्रक्रम मिळतो, त्यामुळे पुढे तंत्रज्ञाने फायलीत कितीही दुरुस्त्या केल्या तरी पानावर जुनेच रूप दिसत राहते.

अट साच्यातून काढून संपादकाच्या पडद्यावर आणण्याचे हे वळण योग्य दिशेचे आहे. दिवाळी अंकाच्या पानांवर जाहिरात नको हा संपादकीय निर्णय आहे, आणि तो साच्याच्या सत्तराव्या ओळीत दडलेला असेल तर संपादक बदलल्यावर तो कोणाला माहीतही राहत नाही. त्यापेक्षा त्या पानांना एक स्वतंत्र प्रकार देऊन अट त्या प्रकारावर बांधावी, म्हणजे नवा अंक आला की केवळ प्रकार निवडला जातो आणि साच्याला हात लावावा लागत नाही. क्रमांकांची यादी घेऊन बसलेली अट दरवर्षी वाढते. प्रकारावर बांधलेली अट पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच राहते. मूळ थीमच्या फायलीत लिहिलेल्या अटी थीमच्या पुढच्या सुधारणेत पुसल्या जातात, म्हणून त्या ‘चाइल्ड थीम’मध्ये, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या स्वतंत्र पेटीत लिहायच्या असतात, आणि ज्या अटी रूपाशी नव्हे तर संस्थेच्या नियमांशी निगडित आहेत, उदाहरणार्थ कोणता मजकूर फक्त वर्गणीदारांना, त्या थीममध्ये न ठेवता प्लगइनमध्ये ठेवायच्या असतात, कारण थीम बदलली की तिच्यातल्या अटीही तिच्याबरोबर जातात. संकेतस्थळ बांधून घेणाऱ्या संपादकांनी आणि संस्थाचालकांनी काम ताब्यात घेताना एवढे जरूर करावे: कोणत्या पानावर कोणती अट आहे आणि ती कोणत्या फायलीत वा कोणत्या सेटिंगमध्ये लिहिली आहे याची यादी बांधणाऱ्याकडून मागून घ्यावी, आणि ती मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.